डाव्या खांद्यावरची पाकळी

“छबूच्या हातात चेंडू दिला तर मी उद्या टेम्पोत चढत नाही,” तात्या घोरपडे म्हणाले आणि त्यांनी पाराच्या कडेवर थाप मारली. “आत्ताच सांगून ठेवतो.”

“नका चढू. तेवढीच पोरींना पाय पसरायला जागा,” नाना शिंपी दातात धरलेली सुई न काढता म्हणाले.

पारावरचे सगळे हसले. मी टेकाईच्या देवळाच्या सभामंडपात खांबापाशी बसून वाती वळत होते. पार आणि मंडप यांच्यात चार पावलांचं अंतर, त्यामुळे सगळं कानावर यायचंच. त्यातून त्या दिवशी बोलणं माझ्या मुलीचं, वैजूचं होतं.

शहाण्णव सालच्या मार्गशीर्षातला गुरुवार होता तो. दुसऱ्या दिवशी साताऱ्याला आमच्या शाळेच्या मुलींचा सॉफ्टबॉलचा विभागीय अंतिम सामना होता, कोल्हापूरच्या मुलींशी. जिंकेल तो संघ राज्याला जाणार होता. शिवाय राज्याच्या संघासाठी मुली निवडणारी माणसं मैदानावर येऊन बसणार होती.

चार वर्षांपूर्वी येवले सर बदली होऊन आले, तोवर हा खेळ आमच्या गावात कुणी पाहिलाही नव्हता. मुसळासारखी गोल बॅट. चेंडू टाकायचा तो खांद्यावरून नाही, हात गरकन फिरवून कमरेखालून. धावायचं ते चौकोनात, चार कोपरे शिवत पुन्हा घरी. शाळेकडे हातमोजे नव्हते, तेव्हा नानांनी ट्रॅक्टरच्या सीटच्या रेक्झिनचे नऊ मोजे शिवून दिले आणि त्या दिवसापासून आपला शब्द संघात चालला पाहिजे असं त्यांना वाटू लागलं. तात्या एसटीतले निवृत्त कंडक्टर. त्यांची शिट्टी अजून खिशात असे. आमची मुलगी धाव पुरी करून आली की ते शिट्टी मारत आणि “डबल बेल!” म्हणून ओरडत. चार वर्षांत पार अगदी तयार झाला होता. पंचाला कळणार नाहीत एवढे नियम तिथे रोज संध्याकाळी निघत.

“वैजूनं यंदा सहा सामने टाकले,” तात्या म्हणाले. “सहाच्या सहा जिंकले. मग तुम्हाला खाजवतंय काय?”

“मी सामने बगत नाही, चेंडू बगतो. परवा तिचा चेंडू कुठं पडत होता? पाचव्या डावापास्नं गुडघ्याखाली. चार चेंडू बाहेर गेले की बॅटवाली फुकट पहिल्या कोपऱ्यावर. अशा चौघी फुकट गेल्या. चौघी!”

“थकली असंल.”

“सोळा वर्षांची पोर थकती व्हय? आणि कोल्हापूरच्या पोरी जोराचा चेंडू पेढ्यासारखा खातात. त्यांना छबूच पाहिजे. तिचा चेंडू हळू येतो. यांची बॅट फिरून जाती, आणि चेंडू मागनं येतो, पाहुण्यासारखा.”

“पाहुण्यासारखा! मग चहा पण पाजा त्याला.”

“हसा. आणि त्या बॅटिंगच्या क्रमाचं काय? छबूला नववी लावलीय सरांनी. लोहाराची पोर, घण मारल्यासारखी मारती. तिला चौथी लावा. आधीच्या तिघी कोपऱ्यावर उभ्या असल्या तर एका फटक्यात तिघींना घरी आणंल.”

“चौथी वैजू. टाकणार वैजू, मारणार वैजू.”

“मग बाकीच्या आठ जणी कशाला नेताय? फोटोला?”

तेवढ्यात सर सायकल हातात धरून आले. त्यांच्यामागून वैजू आणि छबू. छबू नेहमीसारखी चिंच चोखत होती. ठेंगणी, जरा तिरळी बघणारी, कधी कुणावर चिडलेली मी तिला पाहिली नाही.

“सर, तुम्हीच सांगा,” नाना म्हणाले. “उद्या चेंडू कुणाकडं?”

सरांनी चष्मा पुसला. “सकाळी ठरवीन. माझंच अजून होत नाहीये.”

“तुला काय वाटतं गं, छबू?” तात्यांनी विचारलं.

“मला काय, मी कुठंबी उभी राहते,” छबू म्हणाली आणि चिंचोका थुंकला.

वैजूनं उजवा हात दप्तराच्या पट्ट्यात अडकवून ठेवला होता. तो तसा का अडकवला होता, ते त्या सगळ्यांत मला एकटीला माहीत होतं.

तीन आठवड्यांपूर्वी एका सकाळी वैजू कंगवा घेऊन माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, “आई, आज वेणी तू घाल.” सहावीपासून ती स्वतःची वेणी स्वतः घालत होती. मी म्हटलं, “का गं?” तर म्हणाली, “आधी शपथ घे. टेकाईच्या पायाची. कुणाला सांगणार नाहीस.”

मी घेतली. काय सांगायचं नाही ते न विचारताच घेतली. मला वाटलं, पोरीबाळींचं काहीतरी असेल. मग तिनं उजवा हात वर न्यायला सुरुवात केली. तो कानापर्यंत गेला आणि थांबला, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

कराडच्या डॉक्टरांनी खांदा दाबून पाहिला. म्हणाले, दोन महिने या हातानं चेंडू टाकायचा नाही. टाकलास तर हा खांदा जन्मभर असाच राहील. तिनं नुसती मान हलवली. तिथून निघताना मला म्हणाली, “तीन सामने राहिलेत आई. फक्त तीन. निवड होऊ दे, मग दोन महिने हात गळ्यात बांधून बसते.” मी तिला हात जोडले. तिनं माझे हात खाली केले आणि म्हणाली, “तू शपथ घेतलीयस.”

त्यातले दोन सामने झाले होते. रोज तिला तेल लावताना माझ्या बोटांना कळत होतं की खांदा आणखी आणखी आवळत चाललाय.

माझे रोजचे नेम साधे आहेत. देवीला पाणी घातल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही. दिवस मावळल्यावर अन्न नाही. आणि दिलेला शब्द मोडायचा नाही. मोठ्यानं बोलायची मला कधी सवय नव्हती, आणि तात्या तर मामंजींच्या बरोबरीचे. त्यांच्यासमोर मी पदर सावरून ‘हो’, ‘नाही’ एवढंच बोले. म्हणून मी वाती वळत राहिले.

“असं करू,” तात्या एकदम म्हणाले. “कौल लावू. टेकाई सांगंल ते खरं.”

नाना म्हणाले, “चालंल. पण मग सरांनी तेच करायचं. सकाळी फिरायचं नाही.”

सर कौल वगैरे मानणारे नव्हते. पण त्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटतं, कुणीतरी ठरवून टाकलं तर बरं, असं त्यांनाही झालं असावं. “नाही फिरणार,” ते म्हणाले.

“सूनबाई,” तात्यांनी हाक मारली. “पाकळ्या लावा.”

आम्ही गुरव. टेकाईची पूजा आमच्या घरात. हे गेल्यावर पाळी माझ्याकडे आली आणि कौल लावायचं मामंजींनी मला शिकवलं. शेवंतीच्या दोन सारख्या पाकळ्या घ्यायच्या. तांब्यात अंगठा बुडवायचा, पाकळी ओली करायची, आणि देवीच्या एकेका खांद्यावर एकेक दाबून लावायची. मग हात जोडून थांबायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी आधी पडली तर नकार. एक गोष्ट मामंजी पुन्हा पुन्हा सांगत. “पोरी, कौलाला हात घातला की अंगठा पदराला लावायचा नाही. कोरड्या अंगठ्यानं लावलेली पाकळी धरत नाही. ती लगेच पडती. मग तो कौल देवीचा नाही, तुझा.”

टेकाईची मूर्ती उभी आहे, उंच चौथऱ्यावर. तिच्या खांद्यापर्यंत पोचायचं तर चवड्यांवर उभं राहून हात डोक्याच्या वर न्यावा लागतो.

सगळे मंडपात आले. वैजू माझ्याच खांबाला टेकून उभी राहिली. तात्यांनी टोपी सारखी केली आणि मोठ्यानं म्हणाले, “आई टेकाई, उद्या चेंडू वैजयंतानं टाकायचा असंल तर उजवी दे. छबूनं टाकायचा असंल तर डावी दे.”

मी उजव्या खांद्यावर पाकळी लावली. ओली, नीट दाबून.

मग दुसरी पाकळी उचलली. आणि माझा अंगठा पदराला लागला.

लागला म्हणजे मीच लावला. माझी शपथ न बोलण्याची होती, न पुसण्याची नव्हती. एक अंगठा पुसायचा की माझ्या पोरीचा हात वाचणार होता. कुणाला कळणार नव्हतं. छबूला चेंडू मिळाला असता, नाना खूश झाले असते, तात्या दोन दिवस रुसले असते. मी अंगठा पुसला. कोरडा केला.

मान वर केली तर देवीचे चांदीचे डोळे. ते रोज सकाळी मीच धुते. त्या डोळ्यांत काही राग नव्हता, मला तसं काही दिसलं बिसलं नाही. ते नेहमीसारखेच होते, म्हणूनच मला पुढे जाता येईना. उद्या सकाळी पुन्हा हेच डोळे धुवायचे होते.

मी अंगठा परत तांब्यात बुडवला. चांगला पेरापर्यंत. पाकळी ओली केली आणि डाव्या खांद्यावर लावली.

किती वेळ गेला सांगता येत नाही. उजवी पाकळी सुटली, देवीच्या हातावरून घसरली आणि चौथऱ्यावर पडली. डावी तशीच राहिली.

तात्यांनी देवळातच शिट्टी मारली. “डबल बेल! सुटली गाडी!” नाना म्हणाले, “देवीचं झालं म्हंजे झालं,” आणि खरोखरच त्यांनी पुढे एक अक्षर काढलं नाही. छबूनं वैजूच्या पाठीवर थाप मारली, नेमकी उजव्या खांद्यावर. वैजूनं ओठ दाबून धरले. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, पण तोंडावर आनंद म्हणून नव्हता. मला वाटलं, दुखलं म्हणून.

सकाळी मी लवकर पूजा उरकली. तिची वेणी घालताना म्हटलं, “वैजू, अजून सांग सरांना.”

“घट्ट घाल,” ती म्हणाली.

टेम्पोत सगळी मंडळी होती. तात्या पुढे ड्रायव्हरशेजारी. वाटेत त्यांनी आणि नानांनी बॅटिंगच्या क्रमावरून तीनदा भांडण केलं, कारण तेवढीच गोष्ट देवीनं सांगायची ठेवली होती. उंब्रजच्या पुढे अखेर नानांचं ऐकून छबूला चौथी लावायचं ठरलं.

मैदानावर दोरी बांधली होती. कोल्हापूरच्या मुली उंच, सगळ्यांचे कपडे एकसारखे निळे. आमच्या मुलींच्या हातांत नानांचे रेक्झिनचे मोजे, त्यांतला एक हिरवा, कारण शेवटी काळं रेक्झिन संपलं होतं. मांडवात तीन माणसं वह्या घेऊन बसली होती. आम्ही दोरीपाशी उभे राहिलो. मी पदरात देवीचा अंगारा बांधून आणला होता.

सरांनी नावांचा कागद काढला. पंच पाचसहा पावलांवर थांबले होते. सरांनी चेंडू वैजूच्या हातात दिला आणि म्हणाले, “चल, वैजयंता.”

वैजू चेंडूकडे बघत राहिली. मग ती वळली, रांगेत शेवटी उभ्या असलेल्या छबूपाशी गेली आणि चेंडू तिच्या मोज्यात ठेवला.

“हे काय?” सर म्हणाले.

“सर, माझा खांदा गेलाय.” आवाज तिनं मुद्दाम मोठा केला असावा. दोरीपर्यंत सगळ्यांना ऐकू आला. “तीन आठवडे झाले. डॉक्टर नाही म्हणालेत. मी तुम्हाला फसवलं. मागच्या सामन्यात चौघी फुकट गेल्या त्या त्यामुळे. कागदावरनं माझं नाव काढा.”

मांडवातली माणसंही बघायला लागली होती. दोरीपाशी पहिला आवाज तात्यांचा.

“अगं, पण देवीनं चेंडू तुला दिलाय!”

वैजू वळली. तिचे डोळे भरले होते, पण बोलणं स्वच्छ होतं. “मला दिलाय ना, तात्या? मग मी छबूला दिला.”

नाना हळूच म्हणाले, “आता बोला.” मग तात्यांनी खिशातून शिट्टी काढली, तोंडात धरली, पण वाजवली नाही. परत खिशात ठेवली आणि धोतरानं डोळे पुसले.

सरांनी कागदावर वैजूचं नाव खोडलं, एका राखीव मुलीचं लिहिलं. छबूनं तोंडातला चिंचोका काढून खिशात टाकला. त्या दिवशी तिनं तेवढाच काय तो गंभीरपणा दाखवला.

सामना मला सगळा सांगता यायचा नाही. छबूचा चेंडू पाहुण्यासारखाच आला. निळ्या पोरींच्या बॅटी आधी फिरत, मागून चेंडू येई. चार डाव त्यांना एक धाव मिळू दिली नाही तिनं. वैजू बाकावर बसली नाही. दोरीच्या आत उभी राहून ती प्रत्येक चेंडूला छबूला ओरडून सांगत होती, “आत! थोडा आत! शाब्बास!” ज्या जागेसाठी तिनं वर्षभर पहाटे उठून भिंतीवर चेंडू मारले, त्या जागेवर दुसरी मुलगी होती, आणि वैजू तिच्यासाठी घसा फोडत होती. मी देवीपुढे इतकी वर्षं हात जोडले, पण पोटच्या पोरीपुढे मनातून हात जोडले ते तेव्हा.

आम्ही हरलो. तीन-दोन. सातव्या डावात छबूनं घण मारल्यासारखा फटका मारला, दोघी घरी आल्या, आणि तिसरी घराच्या दोन हात अलीकडे बाद झाली.

मांडवातल्या माणसांनी राज्याच्या संघासाठी आमच्यातली एकच मुलगी निवडली. छबू लोहार. वैजूनं तिला उचलायचा प्रयत्न केला, डाव्या हातानं, आणि दोघी मातीत पडल्या.

परत येताना टेम्पोत तात्या आणि नाना पुन्हा सुरू झाले. देवी चुकली की वैजू चुकली? तात्या म्हणत, देवीनं चेंडू वैजूच्या हातात दिला तो तिनं द्यावा म्हणूनच. नाना म्हणत, मग सरळ डावीच का नाही दिली, एवढा वळसा कशाला? हा वाद पारावर अकरा वर्षं चालला. तात्या गेले तेव्हा नाना म्हणाले, “आता कुणाशी भांडू?”

दिवेलागणीच्या आत मी देवळात पोचले, दिवा लावला. डाव्या खांद्यावरची पाकळी वाळून तशीच चिकटलेली होती. ती काढून मी पोथीत ठेवली.

यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. वैजू फलटणच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. यंदा नवरात्रात आठ दिवस आली होती. माझे हात हल्ली थरथरतात, चवड्यांवर उभं राहणं होत नाही. अष्टमीला कुणी लग्नाचा कौल लावायला आले, तेव्हा मी म्हटलं, “वैजू, आज तू लाव.” तिनं पदर खोचला, तांब्या जवळ घेतला.

“हे बघ,” मी म्हटलं, “अंगठा पदराला...”

“लावायचा नाही. माहितीये.” ती पाकळ्या निवडत होती. “त्या दिवशी तू लावला होतास.”

एवढ्या वर्षांत मी कुणाजवळ बोलले नव्हते. “तू बघितलंस?”

“खांबाला टेकून उभी होते ना. बघितलं. परत बुडवलास तेही बघितलं.” तिनं एक पाकळी बाजूला ठेवली. “आई, मी तेव्हा मनात काय म्हणत होते सांगू? कोरडा कर, कोरडा कर.”

“म्हणजे?”

“मला टाकायचं नव्हतं गं. फार दुखत होतं. भीती वाटत होती. पण इतके दिवस खोटं बोलल्यावर मागं फिरायचं कसं? तू अंगठा पुसलास तेव्हा मला वाटलं, सुटले. आता देवीच नाही म्हणेल. मी रडेन, चिडेन, सगळे माझी समजूत काढतील, आणि खांद्याचं कुणाला कळायचंच नाही.” ती हसली. “आणि तू परत पाण्यात घातलास. इतका राग आला होता तुझा. रात्रभर. मग सकाळी वेणी घालताना वाटलं, हिला सगळं माहीत असून हिनं नाही केलं. आता माझं मलाच बोलायला पाहिजे.”

कौल लावायला आलेली माणसं दाराशी खोळंबली होती.

“आई, सरक जरा,” वैजू म्हणाली. तिनं अंगठा तांब्यात पेरापर्यंत बुडवला, पाकळी भिजवली आणि उजवा हात वर नेला. पाणी तिच्या कोपरावरून ओघळत होतं. हात कानाशी आला, कानाच्या वर गेला, डोक्याच्याही वर गेला, आणि देवीच्या खांद्याला लागला.